मधली बारा कडवी

मंगळवारी संध्याकाळी पावणेनऊ वाजता, डोंगरावर अजून उजेड असताना, डॉयल कॉडिल देशभर दिसणाऱ्या गाण्याच्या स्पर्धेत टीव्हीवर गायला. हेझल फोर्क या त्याच्या स्वतःच्या गावातून त्याला एकही मत पडलं नाही. आणि मत द्यायचं म्हणूनच तर अख्खं गाव अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये जमलं होतं.

हे जमवलं होतं त्याच्या बायकोने, रोवेनाने. स्पर्धेत त्याला ढकललंही तिनेच. डॉयल स्वयंपाकघरात भांडी विसळत गुणगुणत होता, ते तिने दाराआडून फोनवर टिपलं आणि स्पर्धेवाल्यांना पाठवून दिलं. तिकडून बोलावणं आलं तेव्हा डॉयल शाळेच्या बसखाली आडवा होऊन तेल बदलत होता. तो बराच वेळ बाहेरच आला नाही.

त्याला कारण होतं. तरुणपणी तो गिटार घेऊन, गायक व्हायला नॅशव्हिलला गेला होता. अकरा वर्षं राहिला. त्याचं एक गाणं रेडिओवर लागायला लागलं, खोऱ्यातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत एकाच वेळी वाजायला लागलं. लोक गाड्या रस्त्याकडेला उभ्या करून ऐकायचे. मग रेकॉर्ड काढणारी कंपनीच बुडाली. डॉयल परत आला तो दिवसाउजेडी गावात उतरला नाही. वर दफनभूमीपाशी ट्रक लावून अंधार पडेपर्यंत बसून राहिला. पुढे तो शाळेची बस चालवू लागला आणि शनिवारी फायर हॉलमध्ये, बीन्स आणि मक्याच्या पावाच्या जेवणानंतर, तेवढा गाऊ लागला. ट्रकची गोष्ट रोवेनाला माहीत होती. या वेळी जाताना तो तिला म्हणाला होता, "हरलो तर मी कुठल्या बसने येतो ते विचारू नकोस." त्यामुळे तो जिंकावा याहीपेक्षा तो उजेडात घरी यावा, हा तिचा घोर होता.

तो शेवटच्या सहांत पोचला. या फेरीत प्रत्येकाने आपल्या गावचं गाणं म्हणायचं होतं, दीड मिनिटात. डॉयलने पुराचं गाणं निवडलं, आणि रोवेनाच्या घरातला फोन खणखणायला लागला.

पुराचं गाणं डॉयलच्या आजोबांनी रचलं. पहिल्या कडव्यात पाणी चढतं, शेवटच्या कडव्यात ओसरतं. मधे सुरुवातीला काहीच नव्हतं. मग ज्यांच्या घरचं काही वाहून गेलं किंवा पाण्यात अडकलं होतं ते एकेक करून आजोबांकडे आले, आणि आजोबांना नाही म्हणता येत नसे. प्रॅटांची गाय आली, कोम्ब्झांचा पियानो आला, कोणाचं मधमाश्यांचं खोकं आलं. होता होता मधे बारा कडवी झाली, बारा घरांची. ज्याचं कडवं असेल त्या घराने उभं राहून ते म्हणायचं. पुराच्या रात्री गाव चर्चच्या छपरावर हात धरून उभं होतं, म्हणून पहिल्या कडव्यानंतर शेजाऱ्याचा हात धरायचा आणि पाणी ओसरेपर्यंत सोडायचा नाही. गेल्या हिवाळ्यात गाणं चालू असताना हॉलमागच्या कोळशाच्या शेगडीने पेट घेतला. फायर चीफ एल्बर्टने आधी आपलं कडवं पुरं केलं.

आता दीड मिनिटात बसणार दोन कडवी. कोणाची?

कोम्ब्झांचं म्हणणं, पियानो टीव्हीवर शोभून दिसेल. मधमाश्यांवाल्यांनी सरळ मधाची बरणीच पाठवली. मिस ओपल प्रॅट वयाने सगळ्यांत मोठ्या, गाय त्यांच्याच वडिलांची. त्या स्वतः चालत आल्या आणि रोवेनाच्या ओट्याशी बसल्या.

"मी काही मागायला आले नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त बसलेय."

त्या जेवणापर्यंत बसल्या. रोवेनाने डॉयलला फोन लावला आणि तोडगा तिनेच सुचवला: पहिलं म्हण आणि शेवटचं म्हण. दोन्ही आजोबांची. कोणाचंच घेतलं नाही म्हणजे कोणी रुसायला नको. गावाने हा निवाडा मान्य केला. आपण न्यायाधीश व्हायला हवं होतं असं रोवेनाला दोन दिवस वाटत होतं.

मग मतांची तयारी. खोऱ्यात फोनला सिग्नल मिळतो तो फक्त दफनभूमीवर, म्हणून एल्बर्टने शेजारच्या शाळेतून हॉलमध्ये इंटरनेट ओढून घेतलं. रोवेनाने घरोघर जाऊन शिकवलं. गायकाचं गाणं संपलं की त्याचं नाव फोनवर उजळतं. पुढच्या जाहिराती संपेपर्यंत दाबायचं. त्यानंतर नाव विझतं.

"हे दाबलं की डॉयलला कळतं का, मी दाबलं ते?" मिस ओपलनी भावाच्या नातवाचा फोन लांब धरून विचारलं.

"नाही, मिस ओपल."

"मग त्याला कळायचं कसं, मी दिलं म्हणून?"

"मी सांगेन त्याला."

"तू सांगशील. पण कोम्ब्झही म्हणतील की आम्ही दिलं."

मंगळवारी सगळे वेळेआधी आले. टीव्ही फायर ट्रकच्या टपावर ठेवला होता. डॉयलचा नंबर शेवटचा होता. तो आला तो शाळेच्या बसवर घालतो तोच शर्ट घालून. तिथल्या लोकांनी दिलेलं चकचकीत जाकीट त्याने बहुधा खुर्चीवर टाकलं असावं. एल्बर्टने टोपी काढली. डॉयलने डोळे मिटले आणि पाणी चढवलं. इतक्या वर्षांत रोवेनाने हे गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं, पण त्याचा आवाज तिला असा कधी दुरून ऐकू आला नव्हता. नॅशव्हिलची ती वर्षं ती या रेडिओपाशी, त्या रेडिओपाशी उभी राहायची, तशी ती आता ट्रकच्या चाकापाशी उभी होती.

पहिलं कडवं संपलं. आणि लगेच, मधे श्वासही न घेता, डॉयलने पाणी ओसरवलं.

टीव्हीत टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकांतली एक बाई डोळे पुसायला लागली. फोनांवर डॉयलचं नाव उजळलं. हॉलमध्ये कोणीही हललं नाही. सगळ्यांचे चेहरे असे झाले होते, जसं काही जेवायला बसवलं आणि ताट उचललं.

"पाणी चढलं आणि ओसरलं," मिस ओपल म्हणाल्या, "आणि मधे कोणी भिजलंच नाही."

रोवेना म्हणाली, "मिस ओपल, आधी दाबा."

पण मिस ओपल उभ्या राहिल्या होत्या. पहिल्या कडव्यानंतर प्रॅट उभे राहतात. त्या कळायला लागल्यापासून उभ्या राहत आल्या होत्या. फोन त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि बारीक, सरळ आवाजात सुरू केलं:

"गाय प्रॅटांची छपरावर, खाली पाणी काळं,
शिडीवाचून चढली कशी, देवालाच कळालं."

आणि हात धरले गेले. हात धरायचे म्हणजे फोन खिशात गेले. एल्बर्टने रोवेनाचा उजवा हात धरला, पाद्रीबाबांनी डावा. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. कोम्ब्झांचा पियानो वाहत गेला.

"एल्बर्ट, हात सोड," रोवेना कुजबुजली. "मत द्यायचंय."

"पाणी कुठे ओसरलंय अजून," एल्बर्ट समोर बघत म्हणाला.

तिने हिसडा मारला असता तर हात सुटला असता. तिने तसं ठरवलंही होतं. मधमाश्या झाल्या की हिसडा मारायचा. पण मधमाश्यांनंतर शिलाई मशीन येतं, आणि ते तिच्या आजीचं. पुरात वाहून गेलेलं आणि महिन्याने खाली वळणावर चिखलात सापडलेलं. आजी त्यावर मरेपर्यंत शिवत होती. रोवेनाचा लग्नाचा झगा त्यावरच झाला. त्या घरची म्हणून आता एकटी रोवेनाच उरली होती. तिने म्हटलं नसतं तर ते कडवं रिकामं गेलं असतं.

ती गायली. चांगली गायली, असं नंतर सगळे म्हणाले.

पाणी ओसरलं तेव्हा टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. हात सुटले, फोन निघाले. डॉयलचं नाव विझलेलं होतं. मग कोम्ब्झ म्हणाले की पियानो जरा सावकाश झाला, आणि मधमाश्यांवाले म्हणाले, जरा? भांडण नीट जमून यायच्या आत भिंतीवरचा फोन वाजला. तो रोवेनाने उचलला.

"झालं एकदाचं," डॉयल म्हणाला. तो दमलेला वाटत होता. "किती जण आलेत?"

"सगळे," रोवेना म्हणाली.

"सगळ्यांनी दिलं?"

तिने हॉलकडे पाहिलं. हॉल तिच्याकडेच पाहत होता. एल्बर्ट टोपीची कड तपासत होता.

"कोणीच नाही दिलं, डॉयल. गाणं अर्धं राहिलं होतं."

रोवेनाच्या डोळ्यांपुढे दफनभूमीपाशी उभा ट्रक आला.

"मिस ओपलनी सुरू केलं?" डॉयलने विचारलं.

"आणखी कोण करणार?"

"मीही त्याच वेळी सुरू केलं," डॉयल म्हणाला. "इथे गाणं झालं की जाहिरातींच्या मधे सोफ्यावर बसवतात. कॅमेरा येतो, आपण हात जोडून म्हणायचं, मला मत द्या. मी पडद्यामागे होतो. म्हटलं गाय तेवढी छपरावरून उतरवू आणि जाऊ. ते लोक मला शोधत होते. मी सापडलो तेव्हा शिलाई मशीनवर होतो."

"म्हणजे तू स्वतःही मत मागितलं नाहीस?"

"रिकामा सोफा दाखवला म्हणे देशभर." तो हसला. बऱ्याच वर्षांनी ती ते हसणं ऐकत होती. "तुझं कडवं मी म्हटलं. तिकडे कोणी म्हणेल की नाही, माहीत नव्हतं."

रोवेनाने फोन दुसऱ्या कानाला लावला, कारण हॉलमधले सगळे आता या कानाच्या बाजूला जमले होते.

"कुठल्या बसने येणार आहेस?" तिने विचारलं.

"हरलो तर गुरुवारी. दुपारच्या."

निकाल बुधवारी रात्री आठला आहे. बाकीच्या राज्यांनी काय केलं हे अजून कोणालाच माहीत नाही. निकाल ऐकून होईपर्यंत हॉलमध्ये कोणी गायला तोंड उघडायचं नाही असं एल्बर्टने सर्वांकडून कबूल करून घेतलं आहे. मिस ओपलनी मात्र शब्द दिलेला नाही.