झोपाळा क्रमांक दोन

विषय : घरगुती व्यवसायासाठी चाचणीवर घेतलेले मोबाइल ॲप कायम करण्याबाबत, व त्या अनुषंगाने झोपाळा क्रमांक दोन सांगलीस गेल्याबाबत.

संदर्भ : १) पत्नीचा तोंडी आदेश. २) साडूंचा फोन, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. ३) माझा अर्ज.

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, चूक माझी आहे. (चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी एकाही टिपणीत लिहिलेलं नाही. त्यामुळे हात जरा अडखळला.)

आमची ही, म्हणजे चारुशीला, साताऱ्यात डोहाळजेवणाची सजावट भाड्यानं देते. फुलांचे दोन झोपाळे, चंद्रकोर, धनुष्यबाण, पुठ्ठ्याची होडी, कमळ. होणाऱ्या आईला जिथं जिथं बसवून फोटो काढायची पद्धत आहे, ते सगळं आमच्या मागच्या खोलीत मिळतं. मी कचेरीतून निवृत्त झालो त्याच वर्षी हा व्यवसाय सुरू झाला आणि मी आपण होऊन त्याचं रजिस्टर हातात घेतलं. जाड पुठ्ठ्याचं, लाल शाईनं रकाने आखलेलं. वस्तू, कुठे गेली, कधी गेली, कधी येणार, शेरा.

या रजिस्टरमुळे घरात मला एक स्थान होतं. दिवसातून बारा-पंधरा वेळा आतून हाक यायची, "अहो, कमळ कुठंय?" मी चष्मा लावायचो, पान उलटायचो, मुद्दाम थोडा वेळ घ्यायचो आणि सांगायचो, "मंगळवार पेठेत. परवा परत." नोकरीत साहेबांनीसुद्धा मला इतक्या वेळा बोलावलं नव्हतं. बोलावलं, ते कधी चांगल्यासाठी नसे.

रजिस्टरात चूक एकदाच झाली. एकच झोपाळा एकाच दिवशी कोरेगावला आणि वाईला लिहिला गेला. (दोनदा. पण दुसऱ्या वेळी शाई पसरली होती.) तेवढ्यावरून आमची सून सई म्हणाली, "आई, बुकिंगचं एक ॲप आहे. चौदा दिवस फुकट. वापरून बघू. नाही आवडलं तर सोडून देऊ."

'चाचणी' म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. आमच्या कचेरीत प्रायोगिक तत्त्वावर आलेली कुठलीही गोष्ट कायम झालेली मी पाहिली नाही. थंड पाण्याचं यंत्र आलं, अंगठा लावायची हजेरी आली, एका साहेबांनी 'शून्य प्रलंबितता सप्ताह' आणला. सगळ्यांचा शेवट एकच. वर कापड घालून कपाटाच्या मागे. त्यामुळे मी उदार मनानं म्हणालो, "बघा की. काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना हिच्या फोनमधून एक गोड आवाज आला, "शुभ सकाळ, चारुशीला! आज तुमची तीन बुकिंग आहेत."

मी कप खाली ठेवला. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, मी अजून हिला नावानं हाक मारलेली नाही. मी 'अगं' म्हणतो. फार प्रेम आलं तर 'अगं ऐकलंस का' म्हणतो. आणि हे ॲप पहिल्याच सकाळी एकेरी नावावर आलं!

"कोण आहे हा?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? ॲप आहे. किती छान बोलतं नाही?"

"आम्हीही बोलतो."

"तुम्ही बोलता हो," ही फोनकडे बघत म्हणाली, "पण सकाळी नाही बोलत."

त्या दिवसापासून हाका थांबल्या. कमळ कुठं आहे ते ॲप सांगे, होडी कधी येणार तेही ॲपच सांगे. वर आदल्या दिवशी आठवण करी. मी रजिस्टर मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत बसे आणि कुणी न विचारता मधूनच मोठ्यानं म्हणे, "चंद्रकोर शाहूपुरीत आहे!" आतून उत्तर येई, "माहिती आहे." माणसाला नोकरीतून एकदा निवृत्त करतात. मला दुसऱ्यांदा करत होते, आणि या वेळी नारळ आणि शालसुद्धा नव्हती.

मग मी ठरवलं, चाचणी आहे ना, तर चाचणीच घेऊ. या यंत्राला अक्कल नाही हे पुराव्यानिशी दाखवून द्यायचं. चाचणीत कितीही माणसांना ॲप वापरायची मुभा होती, आणि सईनं माझ्याही फोनवर ते घालून दिलं होतं. ("बाबा, तुम्हालाही विरंगुळा." विरंगुळा!) एका दुपारी दोघी बाहेर गेल्यावर मी एक खोटं बुकिंग करायला बसलो.

ॲपनं मोबाइल नंबर मागितला. मला पाठ असलेले नंबर तीन. माझा आणि हिचा तिथं आधीच होता. तिसरा आमच्या साडूंचा.

साडूंची ओळख इथं करून देणं भाग आहे. गोपाळकृष्ण, हिच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे संयोगिताताईंचे, यजमान. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त, सांगलीला विश्रामबागेत बंगला, अंगणात चाफा. सासूबाई होत्या तोपर्यंत दर दिवाळीला माझ्याकडे बघून म्हणायच्या, "आमच्या गोपाळरावांचं कसं सगळं वेळेवर." एकाच घरात दोन मुली दिल्या की जावई तोलायला तराजू घरातच तयार असतो. एकेचाळीस वर्षं मी वरच्या पारड्यात लटकतो आहे.

तर मी लिहिलं, यजमानांचं नाव : गोपाळकृष्ण. वय : बहात्तर. पत्ता : विश्रामबाग, सांगली. कार्यक्रम : डोहाळजेवण. महिना : सातवा. वस्तू : झोपाळा क्रमांक दोन. तारीख : चाचणीचा चौदावा दिवस. पुढे रकाना होता, 'गर्भवतीचं नाव'. इथं माझा धीर सुटला. संयोगिताताई वयानं मोठ्या, मानाच्या. त्यांचं नाव तिथं लिहायला बोट उचलेना. मग नोकरीत प्रत्येक रिकाम्या रकान्यात जे लिहीत आलो तेच लिहिलं, 'नंतर कळवू'.

ॲपनं हूं की चूं केलं नाही. हिरवी खूण दाखवून म्हणालं, नोंद झाली. बहात्तर वर्षांच्या गृहस्थाकडे सातवा महिना, कुणाचा ते नंतर कळणार, आणि या यंत्राला काही वावगं वाटेना! मला हसू आवरेना. चौदाव्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी हा पुरावा मांडायचा, ॲप जाईल कपाटामागे, नोंद जाईल ॲपबरोबर, आणि मी परत रजिस्टरावर, असा बेत होता.

तेराव्या दिवशी दुपारी मी झोपलो असताना दोघींनी ॲप कायम केलं. एक दिवस शिल्लक असताना! कचेरीत मुदत संपल्यावर मुदतवाढ मागायची रीत आहे. मुदतीआधी निर्णय घेणारी माणसं मी प्रथमच पाहत होतो, आणि ती माझ्याच घरात निघाली.

"वर्षाचं घेतलं," ही म्हणाली. "आता गिऱ्हाइकांना मेसेज आपोआप जाणार. चाचणीत ते बंद होते. हरिबाला पण रोजची यादी फोनवर जाईल. तीन जणांना वापरता येतं."

मी "हं" म्हणून कूस बदलली. तिघं कोण, हे मी विचारलं नाही. ही, सई आणि बहुधा तो गोड आवाज, असं मी धरून चाललो. रागाच्या भरात सांगलीची नोंद मी पूर्ण विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच, वाईच्या गडबडीत ॲपची आठवणही न बघता, ही आणि सई झोपाळा क्रमांक एक घेऊन गेल्या. साडेसातला हरिबा टेम्पोवाला दारात आला. बारा वर्षं आमचा माल तोच पोचवतो. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून रुसलेलो.

"काका, फोनवर यादी आलीया. झोपाळा दोन सांगलीला न्यायचा हाय म्हनं. लय लांब की वो! खरं हाय का ह्ये?"

ज्या प्रश्नासाठी मी चौदा दिवस कान टवकारून बसलो होतो, तो प्रश्न दारात चालत आला होता. आणि मी काय केलं? पान उलटलं.

"मला कशाला विचारतोस? मी कोण आता? फोनला विचार."

"आवं, फोनला कसं इचारू? आनि काकी म्हनल्या न्हाईत काय?"

"फोन सांगतो ते कर. या घरात आता सगळे तेच करतात."

"बरं तर," हरिबा म्हणाला आणि मागे वळला. "सुलाबाई, दोर धरा. सांगलीला चाललो."

सुलाबाई आमच्याकडची कापडी फुलं धुते आणि घरातली कुठलीही बातमी सुकू देत नाही. ती जाताना म्हणाली, "काका का वो असं? दात दुखतोय जनू." मी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

अकरा दहाला फोन वाजला.

"अहो," गोपाळराव म्हणाले, "आमच्या दारात टेम्पो उभा आहे."

"असेल."

"त्यात फुलांचा झोपाळा आहे. आणि टेम्पोवाला विचारतोय, पोटुशी बाई कुठल्या खोलीत बसणार."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र गळालं.

"काल एक मेसेज आला होता. अनोळखी म्हणून मी उघडला नव्हता. आत्ता हिच्यासमोर उघडला. वाचू? 'श्री. गोपाळकृष्ण, अभिनंदन! आपल्याकडील डोहाळजेवणाची नोंद पक्की झाली आहे. यजमानांचे वय बहात्तर. महिना सातवा. नाव, नंतर कळवू.'"

मागून संयोगिताताईंचा आवाज आला, "नंतर कधी कळवणार? मला आत्ता कळवा! रोज संध्याकाळी फिरायला जाता ते कुणाकडे?"

"अगं, बागेत जातो!"

"बहात्तर वय खरं लिहिलंय, मग बाकीचं खोटं कसं असेल?"

"काका," मधेच हरिबा फोनवर आला, "हितं वातावरन गरम हाय. झोपाळा लावू का म्हागारी आनू? आनि मला दोन वाजता आष्ट्यासनं एक भाडं हाय. वाट बगू शकत न्हाई."

"हरिबा, तिथंच ठेव आणि जा," एवढंच मला सुचलं. नोकरीत अडचणीची फाइल आली की मी हेच सांगायचो.

वाईहून परतल्यावर हिनं प्रथम बहिणीला फोन करून तासभर समजूत घातली. मग ॲप उघडून माझ्यासमोर धरलं. नोंदीखाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं, तारीख होती, वेळ दुपारी दोन चाळीस. जन्मभर मी 'सही कुणाची?' विचारून लोकांना परत पाठवलं. माझी सही मात्र न करताच झाली होती.

मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही.

"तुम्हाला काय दाखवायचं होतं?"

"त्याला अक्कल नाही हे."

"आणि हरिबा विचारत होता तेव्हा?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तिघांचं का घेतलं मी?" ती म्हणाली. "आम्हा दोघींना दोघांचं पुरलं असतं. तिसरी जागा तुमची होती. झोपाळे कुठं, हे तुम्हाला बघायला आवडतं म्हणून. सांगणारच होते, पण तुम्ही तिकडं तोंड करून झोपलात."

यावर कचेरीच्या भाषेत एकही वाक्य नाही. मी बरंच शोधलं.

तिकडे सांगलीत वेगळंच घडलं. हरिबा जाण्यापूर्वी झोपाळा अंगणात चाफ्याखाली लावून गेला होता. (फोनवरच्या यादीत 'लावून देणे' असं लिहिलं होतं म्हणे.) राग उतरल्यावर संयोगिताताई म्हणाल्या, आलाच आहे तर बसते. बसल्या. गोपाळरावांनी फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'नाव कळले.' त्याला एकोणसाठ जणांनी हसण्याची चिन्हं पाठवली. मी त्या ग्रुपवर सहा वर्षं सुविचार टाकतो आहे, एकदा दोन अंगठे आले होते.

दुसऱ्या दिवशी शेजारणी बघायला आल्या. एकीची सून खरोखरच सातव्यात होती. आठवड्यात विश्रामबागेतून चार आणि आष्ट्याहून एक बुकिंग आलं. झोपाळा परत आणण्यात अर्थ उरला नाही. सांगलीत तो सांभाळायला, कुठं गेला कधी आला बघायला माणूस हवा होता. वक्तशीर, बँकेत काम केलेला, आणि अनोळखी मेसेज न उघडणारा.

तिसरी जागा गोपाळरावांना दिली. आता रोज सकाळी विश्रामबागेत तो गोड आवाज म्हणतो, "शुभ सकाळ, गोपाळकृष्ण!" संयोगिताताईंनी त्यालाही आधी हरकत घेतली होती, असं कळतं.

मी रीतसर अर्ज केला. कागदावर, समास सोडून. चौथ्या वापरकर्त्याची जागा निर्माण करावी, अथवा रिक्त होणाऱ्या जागी माझा विचार व्हावा. रजिस्टरात त्याची नोंद केली, आवक क्रमांक एक. ही समोर मेथी निवडत बसली होती, तिच्या हातात दिला. तिनं घडी घालून डब्याखाली ठेवला.

"मिळाला. बघते."

चौतीस वर्षं खिडकीत बसून मी हेच म्हणत होतो. समोरून ऐकायला कसं वाटतं, ते आता समजलं.

चार दिवसांनी मी चौकशी केली.

"सांगलीला पाठवलाय," ही म्हणाली. "वस्तूंचं ते बघतात ना. म्हटलं, त्यांचा अभिप्राय घ्यावा."

गोपाळरावांना फोन केला. अर्ज पोचला आहे, शांतपणे वाचायचा आहे, असं ते म्हणाले. मागे झोपाळ्याची कडी करकरत होती.

आज अर्जाला तेवीस दिवस झाले. अर्ज सांगली येथे अभिप्रायार्थ प्रलंबित आहे.