मनाईला बी अदब असती

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या रहाटणीतील सोसायटीच्या सभागृहाच्या दारावर फलक लागला: ‘या सभागृहात शिकवणी वर्ग भरविण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ जबाबदार: फलकावर नाव नाही. अक्षय्य तृतीयेस मी पहिले पत्र दिले. उत्तर न देण्यास जबाबदार: सचिव श्री. नखाते. वटपौर्णिमेस स्मरणपत्र, नागपंचमीस अंतिम स्मरणपत्र, घटस्थापनेस अंतिमोत्तर स्मरणपत्र. जबाबदार: तेच. या संपूर्ण काळात ज्यांचा वर्ग बंद पडला, त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. त्यास जबाबदार: त्यांचा स्वभाव. प्रस्तुत निवेदन त्या स्वभावाविषयी आहे.

श्रीमती कुंदा तापकीर, बी विंग, तिसरा मजला. सर्वांच्या कुंदाताई. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत लावलेली प्रत्येक पाटी पाळणाऱ्या त्या एकमेव नागरिक आहेत, असे मी जबाबदारीने नमूद करतो. थेरगावात एका भिंतीवर ‘येथे वाहन लावू नये’ असे लिहिले आहे व त्या भिंतीखाली नित्य वीस दुचाक्या उभ्या असतात. कुंदाताई आपली स्कूटर अर्धा किलोमीटर पुढे लावून चालत मागे येतात. आमच्या आवारात ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी आहे. गवत उपटून तेथे फरशी घातली, त्यास दोन वर्षे झाली. कुंदाताई अजूनही वळसा घालून जातात.

‘‘बाई, गवत कुठे आहे?’’ मी एकदा विचारले.

‘‘गवत न्हाई, वकीलसाहेब. पण पाटी हाय ना?’’

मी वकील नाही. विधी विभागातून निवृत्त झालेला एक लेखनिक आहे. ही दुरुस्ती मी त्यांना अनेकवार कळविली आहे.

बाई मूळच्या चऱ्होलीच्या. चाकणच्या एका जपानी कारखान्यात सुटे भाग खोक्यात भरण्याच्या कामावर लागल्या. समोरच्या यंत्रावर जपानीत काय लिहिले आहे, हे तिथे कोणालाच सांगता येईना, म्हणून त्या शिकू लागल्या आणि शिकतच राहिल्या. सर्वांत वरची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याच कारखान्यात दुभाषी झाल्या. मराठी मात्र चऱ्होलीचीच राहिली. एकदा पाहणीस आलेला मोठा जपानी साहेब पिवळी रेघ ओलांडून यंत्राजवळ गेला. बाईंनी दुरून, आवाज न चढविता, देवळाच्या शिळेवर कोरतात तशा जुन्या भाषेत त्यास मनाई केली. साहेब उडी मारून मागे आला आणि कमरेत वाकला. ‘‘सायेब असला म्हणून काय झालं? रेघ म्हंजी रेघ,’’ असे बाईंचे म्हणणे. ‘‘पन वरडायचं न्हाई. मनाईला बी अदब असती.’’

निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी त्या याच सभागृहात त्या सर्वांत वरच्या परीक्षेचा वर्ग घेत. दहा विद्यार्थी, बहुतेक चाकणला नोकरी करणारे. शुल्क नाही. वर्षातील निम्मे रविवार मनाईवर जात. जपानी भाषेत मनाईच्या इतक्या पायऱ्या आहेत, हे ऐकून मी, जन्मभर मनाईहुकूम लिहिलेला मनुष्य, मागच्या खुर्चीवर जाऊन बसू लागलो. ‘किंझुरु’ हे कायद्याचे, म्हणजे मनाई करण्यात येत आहे. कोण करतो ते सांगायचेच नाही. ‘बेकाराझु’ हे पाटीवरचे, जुने, भारदस्त. आणि ‘अरुमाजिकी’ म्हणजे जे करणे आपल्या पदास शोभत नाही ते.

‘‘ताई, हे आता कोण बोलतं?’’ एका विद्यार्थ्याने कुरकुर केली.

‘‘कुनी न्हाई. परीक्षेत येतंय. म्हन पुन्यांदा.’’

मग दहा जण एका सुरात म्हणत. आमचे घर सभागृहाच्या बरोबर वर असल्याने ते आम्हास स्वच्छ ऐकू येई.

अरुमाजिकीचा अर्थ मला सोदाहरण कळला. पाणीपुरवठ्याबाबत मी लिहिलेले एक पत्र त्यांनी वाचावयास नेले व परत आणून दिले. ‘निर्लज्ज’ हा शब्द पट्टीने आखून खोडलेला होता. ‘‘ह्ये पानीवाल्यांना शोभंल, तुमाला न्हाई,’’ म्हणाल्या. मी दोन दिवस बोललो नाही. पत्र मात्र तो शब्द वगळूनच पाठविले.

मग फलक लागला. त्या दिवसांत माझी पत्नी शैला शस्त्रक्रिया होऊन घरी आली होती आणि माझे सोसायटीकडे लक्ष नव्हते. लक्ष गेले तेव्हा विद्यार्थी पांगले होते. कुंदाताईंना मी म्हणालो, ‘‘आपण दाद मागू.’’ त्या म्हणाल्या, ‘‘पाटी हाय, वकीलसाहेब.’’ आणि जिना चढून गेल्या. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षा, आणि ह्या बाई पाटीचा मान राखीत होत्या! माझ्या चार पत्रांचा उगम तो.

दसऱ्यास सचिव नखाते गाडीला हार घालीत असता मी त्यांना गाठले.

‘‘काका, सणाच्या दिवशी तरी सोडा ना राव!’’

‘‘ठराव क्रमांक सांगा.’’

‘‘ठराव नाहीये.’’

‘‘मग आदेश कोणाचा?’’

‘‘तुम्हाला सांगायचं नाही, असा शब्द दिलाय मी.’’

‘‘अर्ज उपनिबंधकाकडे जाईल.’’

नखाते यांनी हार बॉनेटवर ठेवला. मग कार्यालयात जाऊन त्यांनी एक कागद आणून माझ्या हातावर ठेवला. फलकाचा मसुदा होता. पट्टीने आखल्यासारखे ते सरळ अक्षर मी ओळखले.

मी बी विंगचे तीन जिने चढून गेलो.

‘‘हे अक्षर आपले आहे?’’

‘‘व्हय.’’

‘‘स्वतःच्याच वर्गावर मनाई?’’

‘‘बसा. पानी घ्या.’’

‘‘मी बसणार नाही.’’

‘‘मग हुबं ऱ्हाऊन घ्या.’’

पाणी घेतले. मग त्यांनी सांगितले. शिमग्यानंतरच्या एका रविवारी, विद्यार्थ्यांना पाठ घोकावयास लावून त्या शैलासाठी पेज घेऊन वर आमच्या घरी आल्या होत्या. मी औषधे आणावयास गेलो होतो. ‘‘वहिनी दोनी कानांवर उशी दाबून पडल्या व्हत्या. मला बघून उशी काढली आन् हसल्या. म्हनल्या, किती छान म्हनतात हो पोरं. तवाच म्हनलं, आता न्हाई.’’

‘‘मला सांगायचे होते!’’

‘‘तुमी पोरांना नोटीस काढली आस्ती. आन् पोरांना खरं सांगितलं आस्तं, तर त्यांनी वहिनींना बोल लावला आस्ता. कुनासाठी केली, कुनी केली, कायबी दिसू नये, आशी मनाई पायजे व्हती. तेवढी मला येती.’’

विद्यार्थी कुठे आहेत, असे मी विचारले. थेरगावच्या एका क्लासात गेले, ‘‘चांगलं शिकवत्यात म्हनं,’’ असे त्या म्हणाल्या. मेजावर येत्या रविवारचा सराव लिहिलेले दहा कागद होते. हाताने लिहिलेले, नावासाठी वर जागा सोडलेले. त्याखाली मागच्या रविवारचे दहा. त्याखालचे मी मोजले नाहीत.

घरी येऊन शैलास सर्व सांगितले. ती श्रावणापासून बरी आहे, जिना चढते. ऐकून म्हणाली, ‘‘तरीच. रविवार उजाडतच नाही हो हल्ली.’’

ठराव नसलेला फलक मुळातच अवैध असल्याने मी तो स्क्रू काढून स्वहस्ते उतरविला व सचिवांना त्याची पोच दिली. थेरगावास जाऊन विद्यार्थ्यांना गाठले. दहापैकी आठ येण्यास तयार आहेत, नववा शिफ्ट बदलून घेतो म्हणाला. कुंदाताई मात्र सभागृहासमोरून रोज जातात आणि थांबत नाहीत. वहिनींना त्रास होईल, एवढेच म्हणतात.

सबब माझी जाहीर मागणी अशी: ज्या व्यक्तीसाठी हा वर्ग बंद झाला, ती व्यक्ती, म्हणजे माझी पत्नी, या रविवारी सकाळी आठ वाजता सभागृहात पहिल्या खुर्चीवर बसलेली असेल. श्रीमती कुंदा तापकीर यांनी तेथे येऊन, तिच्या तोंडासमोर व सर्वांदेखत, वर्ग भरणार की नाही याचे उत्तर द्यावे. लेखी उत्तर स्वीकारले जाणार नाही.