एक्केचाळीस नाकांची गणती

नाक हा मनुष्याचा सर्वांत पुढारलेला अवयव आहे. माणूस कुठंही गेला तरी नाक तिथं त्याच्याआधी पोचतं. तेव्हा शासनानं मुलांची नाकं अधूनमधून तपासावीत, हे योग्यच आहे.

शेंद्र्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत पहिली तपासणी हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर तीन-चार वर्षांनी झाली. तपासनिसानं अठ्ठावन्न मुलांपुढं 'नाक : आहे' असं लिहिलं. (ती सगळी वाहत होती, पण वाहणं हा तेव्हा नाकाचा धर्म समजला जाई.) दुसरी १९८६ साली झाली. तेव्हा सर्दी होती, पडसं होतं, ॲलर्जी नव्हती, कारण तक्त्यात तो रकानाच नव्हता. तिसऱ्या खेपेला, २०१८ साली, छापणाऱ्यानं रकाना छापला आणि घोळ झाला.

काम विज्ञानाच्या सूर्यभान सरांकडं आलं. सर नवीन होते, त्यामुळं त्यांनी खरोखरच मोजलं. आठवडाभर प्रार्थनेच्या वेळी ते वही घेऊन उभे राहिले. डोळे चोळणारी, नाक खाजवणारी, लागोपाठ शिंकणारी मुलं निघाली एकशे बारापैकी एक्केचाळीस. त्यांत आठवीतली सारजा सर्वांच्या पुढं. दर सकाळी बावीस ते सव्वीस शिंका (रविवारी, घरीसुद्धा). नाक चोंदल्यामुळं तिला नीट झोप लागत नसे, म्हणून ती वर्गात पेंगायची. प्रगतिपुस्तकात ओळीनं तीन वर्षं एकच शेरा होता : 'हुशार, पण आळशी.'

मुख्याध्यापक तात्यासाहेबांनी तक्ता पाहिला.

"सूर्यभान सर, मागच्या खेपेला एकही नाही आणि आता एक्केचाळीस? बत्तीस वर्षांत आपण हीच प्रगती केली काय?"

"सर, मैदानात गाजरगवत फुललंय. त्याचाच त्रास असावा. उपटून टाकू."

"रोगी असते तर उपटलं असतं. रोगी आहेत कुठं?" असं म्हणत तात्यासाहेबांनी एक्केचाळीसवर पांढरी शाई फिरवली आणि वर सुबक अक्षरात 'निरंक' लिहिलं. तर्कशास्त्रात यावर उत्तर नाही.

सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, वरून एक साहेब आले. ध्वजारोहण झालं आणि सारजा भाषणाला उभी राहिली. भोवती गुडघाभर गवत पांढरंशुभ्र फुललेलं.

"हैदराबाद संस्थानातल्या जनतेनं जुलमापुढं मान तुकवली..." आणि 'नाही' शिंकेत गेलं. ते पुन्हा म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर दुसरी शिंक. मग तिसरी. मग मोजदाद सुटली. डोळ्यांतून धारा, आवाज बसलेला. इतिहास तसाच मान तुकवून उभा.

साहेबांनी तात्यासाहेबांकडं पाहिलं.

"हुंदका अनावर झाला, साहेब. पोरगी लई देशप्रेमी आहे."

साहेबांनी रुमाल काढला, टाळ्या पडल्या आणि सहा शब्दांच्या त्या भाषणाला पहिलं बक्षीस जाहीर झालं. तेवढ्यात सारजाची आई आवडाबाई बायकांतून उठून मंचापाशी आली. घराणं मेंढपाळांचं, ती स्वतः आता शेंद्र्याच्या कारखान्यात खोकी भरायची. आज रजा टाकून आली होती.

"साहेब, पोरगी रडत नाय. शिंकती. सात वर्सं झाली."

"आई, गप ना," सारजा म्हणाली.

"गप कशाला? शेळी शिंकली तर ढोराचा डॉक्टर दारात येतो. ह्या लेकरांकडं बघावं का नाय कुणी?"

साहेबांनी तक्ता मागवला, पाहिला आणि सौम्यपणे म्हणाले, "बाई, नोंद नाही."

"माझ्याकडं आहे, साहेब," मागून सूर्यभान सर म्हणाले. त्यांनी वही पुढं केली. "नावांसकट."

शासन अशा वेळी ढिम्म बसत नाही. चौथ्याच दिवशी सरांना नोटीस आली : एका शिक्षकाने एका आठवड्यात एक्केचाळीस रोगी निर्माण केल्याबद्दल खुलासा करावा. सरांनी तोंडाला उपरणं बांधलं आणि चार पालकांना घेऊन मैदानातलं गवत उपटलं. हा काही खुलासा नव्हे, असं तात्यासाहेबांनी लेखी कळवलं.

आवडाबाईनं सारजाला शहरात, औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी नाकात मारायचा फवारा दिला, तो रोज कसा मारायचा ते दाखवलं आणि विचारलं, "इतकी वर्षं का नाही आणलंत?"

"शाळा म्हनायची आळशी हाय," आवडाबाई म्हणाली. "आमालाबी तसंच वाटलं. मी तर मारलंबी तिला, उठत नाय म्हणून." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. सारजानं आईचा हात धरला.

महिन्याभरात शिंका चारावर आल्या. सारजा वर्गात टक्क जागी राहू लागली. (याचा इतिहासाच्या सरांना त्रास झाला.) सहामाहीला शेरा बदलला : 'प्रश्न फार विचारते.'

बाकी चाळिसांचं काय, असं आपण विचाराल. काळजी नसावी, ती धडधाकट आहेत, असं त्यांचे पालक सांगतात. आपलंही पोर रोज सकाळी अंथरुणातच दहा-बारा शिंका देतं ना? आणि आपण चहाचा घोट घेत "पंखा कमी कर, नाटकं नकोत" म्हणता ना? म्हणत राहा. आपल्यासारख्यांच्या भरवशावरच तर हा जिल्हा इतका निरोगी आहे.