साळुंकी बिननालाची

साळुंकीच्या पायांतले नाल काढायचे, हे मी एका रविवारी चहा पिता पिता ठरवलं. साल १९४६. मी साताऱ्याच्या कचेरीत कारकून, घोडी सासऱ्यांची. लालासाहेब रिसाल्यातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले. दर वर्षी सांगलीच्या उड्यांच्या सामन्यात त्यांची साळुंकी तिसऱ्या अडथळ्याला हमखास पाय मारायची, याचं त्यांना फार दुःख. (जावई लेखणीबहाद्दर निघाल्याचं त्याहून मोठं.)

"मामा, यंदा मी बसतो," मी म्हणालो. "पण घोडी बिननालाची. खुराला जमीन कळली की ती नीट उडते. मी पुस्तकात वाचलंय."

"पुस्तक काय घोड्यानं लिवलंय व्हय? नाल काढलं की लंगडंल ती!"

लंगडलीच. नालबंद नाल काढून गेला आणि खडीवर पाऊल टाकताना ती माझ्याकडे अशी बघायची, की मलाच लाज वाटे. पण माघार घेतली तर मी कसला! खूर टणक व्हावेत म्हणून रोज सकाळी तिला माळावर फिरवू लागलो. तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून मीही वहाणा काढल्या.

"अवं, तुमाला कुटं उडी मारायचीय?" बायको, अंजना, म्हणाली.

"तत्त्व आहे ते!"

तीन महिन्यांत साळुंकीचे खूर दगडासारखे झाले. माझ्या तळव्यांची मात्र चाळण. सामन्याच्या दिवशी बूट चढवताना मी असा ओरडलो, की घोडीनं कान टवकारले.

पहिला अडथळा पार. दुसरा पार. सासरे उठून उभे राहिले. तिसऱ्याला साळुंकी उडाली, रिकिबीतल्या पायातून मस्तकापर्यंत कळ गेली, मी पाय सोडले... आणि घोडी अडथळ्याच्या पलीकडे, मी अलीकडे. मैदानावर नुकतंच पाणी मारलेलं. सगळं तोंड चिखलात.

उरलेले पाच अडथळे साळुंकीनं एकटीनंच पार केले. एकालाही पाय न लावता! लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. लालासाहेब डोळे पुसत ओरडत होते, "बिननालाची हाय! माजी घोडी बिननालाची हाय!"

पंच म्हणून आलेले मेजरसाहेब तिचा खूर उचलून बघू लागले. "कुणी तयार केली हिला?"

"मी," लंगडत पुढे होत मी म्हणालो.

त्यांनी खुरावरची नजर न काढताच माझा चिखलाचा हात घट्ट दाबला. "शाब्बास! पुढच्या वर्षी हिला आणाच. फक्त तेवढा स्वार बदला. कोण होता हो तो बावळट?"

मी अंजनाकडे पाहिलं. ती पदर तोंडात धरून उभी होती.

"होता एक कारकून," मी म्हणालो.