मागे बसलेल्या सासूबाई

दातांच्या डॉक्टरांनी मोटारसायकल आजवर घर ते दवाखाना एवढीच चालवली होती. पण बायकोची बदली घाटापलीकडे झालेली, सासूबाईंना लेकीकडे पोचवायचं होतं आणि ऐनवेळी बस रद्द झाली.

"तुमची मोटारसायकल आहे की, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. नाही म्हणायला डॉक्टरांची जीभ रेटली नाही.

घाट फार देखणा आहे म्हणतात. डॉक्टरांना त्यातलं फक्त पुढचं चाक दिसलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ. मोटारसायकलवाले कानठळ्या बसवत जात होते आणि धापा टाकणारे सायकलवालेसुद्धा डॉक्टरांना मागे टाकत होते. "घाबरू नका आई," ते दर वळणावर कापऱ्या आवाजात सांगत.

माथ्यावर दोघं चहाला थांबली. डॉक्टरांनी निम्मा चहा शर्टावर सांडला, हेल्मेट चढवलं, "बसलात ना?" विचारलं आणि निघाले. उत्तर आलं नाही. पण दिवसभर तोंड उघडून पडलेल्या माणसांशी बोलायची सवय. उत्तराची अपेक्षा कोणाला होती?

जीव मुठीत धरावा लागला की माणूस खरं बोलतो. उतारावर डॉक्टर म्हणाले, "आई, मागल्या खेपेला तुम्ही आलात ना, तेव्हा दवाखान्यात काम नव्हतं. मी उगाच तिथे जाऊन बसायचो." मागून अवाक्षर नाही. रागावल्या वाटतं, म्हणून पायथ्याशी गाडी थांबवून त्यांनी वळून पाहिलं.

सीट रिकामी होती.

कोणत्या वळणावर पडल्या? तसेच ते उलटे घाट चढले, प्रत्येक कठड्यावरून दरीत डोकावत, हाका मारत. माथ्यावर चहावाला म्हणाला, "आजी ना? त्या तिकडे कड्याकडे गेल्या होत्या. मग नाही दिसल्या."

डॉक्टर कड्यावर पालथे झोपले आणि डोळे किलकिले करून खाली पाहू लागले. खाली धुकं होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको.

"कुठवर आलात? आईला दे जरा."

"त्या... देखावा बघतायत."

"बरं. सांभाळून आण हो तिला."

डॉक्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. 'तुझी आई माझ्याकडून हरवली,' हे वाक्य घोकत ते पुन्हा घाट उतरले.

बायकोच्या बदलीच्या गावाच्या तोंडाशी, रस्त्याकडेच्या बाकावर, सासूबाई बसल्या होत्या. धडधाकट, पण तोंड एवढंसं झालेलं. डॉक्टर उतरून काही बोलणार, तोच त्यांनी हात जोडले.

"जावईबापू, चुकलं माझं. तुमच्या मागे बसायचा धीरच होईना. चहापाशी एक मुलगी मोटारसायकलवरून इकडेच निघाली होती, तिच्या मागे बसून आले. तुम्हाला सांगायची लाज वाटली. तुम्ही मला किती शोधत राहिला असाल. लेकीला नका सांगू."

डॉक्टरांनी आ वासला, मग सावकाश मिटला. घोकलेलं वाक्य गिळून ते गंभीरपणे म्हणाले, "झालं ते झालं, आई. तुम्हाला शोधत होतो, माथ्यावरून हललोसुद्धा नाही. पुन्हा असं करू नका."

"नाही करणार," सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या.

"बसा आता."

सासूबाईंनी मोटारसायकलकडे पाहिलं, पदर खोचला आणि पिशवी उचलली.

"घर दिसतंय की. मी चालत येते. तुम्ही या मागून."