एकशेएकाहत्तर

आमच्या कोंढा गावात डोमा गुरुजींना 'गुरुजी' म्हणायची सोय नाही. कोणी चुकून "नमस्कार, गुरुजी" म्हटलंच, तर ते सायकलवरून उतरतात, नीट स्टँड लावतात आणि मग भांडतात. "गुरुजी कोणाले म्हणलं बे? घटनेत दाखव, मंग म्हण!" नमस्कार करणारा बिचारा पानठेल्याआड पळतो.

भांडण घटनेच्या एकशेएकाहत्तराव्या कलमाशी आहे. गावानं त्यांचं नावच 'एकशेएकाहत्तर' पाडलंय.

झालं असं. मी इथल्या हायस्कुलात शिक्षक. विधान परिषदेची निवडणूक आली की उमेदवार आमच्याकडे हात जोडत येतात. एकदा एका उमेदवाराची माणसं स्टाफरूममध्ये पेनं वाटत होती. डोमा गुरुजी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत, तेव्हा नोकरीत होते. काही कामानं आले होते. सगळे घेताहेत म्हणून त्यांनीही हात पुढे केला. "प्रायमरी का?" त्या माणसानं विचारलं. "मंग राहू द्या." आणि पेन परत पिशवीत!

"पेन गेलं चुलीत," गुरुजी बाहेर येऊन म्हणाले, "पन 'राहू द्या' म्हणजे काय बे?"

मी समजावलं. विधानसभा आपण सगळेच निवडतो. विधान परिषदेचं तसं नाही. तिथले काही जण आमदार निवडतात, काही नगरपालिका-जिल्हा परिषदांचे सदस्य, काही पदवीधर, काही शिक्षक, आणि उरलेले राज्यपाल नेमतात. त्यातले शिक्षक म्हणजे माध्यमिक शाळेच्या दर्जापेक्षा कमी नसलेल्या शाळेतलेच.

"आन् मी?"

"तुम्ही प्राथमिकचे."

"मंग पदवीधरात टाक."

"तुमचं डी.एड. झालंय. पदवी नाही."

"म्हणजे मी शिक्षकातही नाही, शिकलेल्यातही नाही. वा रे वा!" त्या दिवसापासून त्यांनी मला 'मतदारसाहेब' म्हणायला सुरुवात केली. पहिलीत पाटीवर एक काढायला मला ह्याच माणसानं शिकवलं होतं; तेव्हा मी त्यांचा 'इसऱ्या' होतो.

त्यांच्या घरी बुद्धमूर्तीशेजारी घटनेचं पुस्तक असतं. रोज सकाळी त्यावरची धूळ पुसतात. कलम वाचल्यावर त्यांनी पुस्तकाचं तोंड भिंतीकडे केलं. धूळ मात्र रोज पुसतातच. "माझं पुस्तकाशी भांडन आहे, वैर नाही," म्हणाले.

मला हसू आलं. तेव्हा ते जे भडकले!

"हासतं कायले? दर्जा म्हणते ते! कमी दर्जा! हा शब्द माझ्या आज्यानं आयकला, बापानं आयकला. मले वाटलं, मी खडू हातात घेतला, आता आपल्या दाराशी येत नाही हा. अन् आला तो याच पुस्तकातून? पोट्टं शेंबूड पुसत येते, त्याले अक्षर कोण देते? तू? तुह्यापाशी तर आयतं लिहिता-वाचता येनारं येते!"

माझं हसू विरलं. खरं सांगतो, तेव्हापासून मलाही या नियमाची चीड आहे. आमच्यातले काही शिक्षक उमेदवाराच्या खर्चानं ढाब्यावर जेवून येतात आणि मतपत्रिकेवर आकडा लिहायचा सोडून बरोबरची खूण करतात. मत बाद! अन् आम्ही वरच्या दर्जाचे. लाज वाटते.

यंदाच्या मतदानाला गुरुजी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून पवनीच्या मतदान केंद्रावर आले. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. केंद्राबाहेर चुन्याची रेघ होती. पोलीस म्हणाला, "आजोबा, तुम्ही शिक्षक आहात का?"

मला वाटलं, आता स्टँड लागणार. गुरुजी खाली बघत म्हणाले, "नाही."

मीच तडकलो. "नाही काहून? यांनीच शिकवलं मला! अर्ध्या कोंढ्याला यांनी शिकवलं!"

"सर, मी काय करू, नियम आहे," पोलीस म्हणाला. त्याचं काय चुकलं? गुरुजी रेघेपासून मागे सरकून कडुनिंबाखाली उभे राहिले.

आत मला जांभळ्या शाईचं पेन दिलं. पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे एकचा आकडा लिहायचा असतो. पेन टेकवलं आणि कानात गुरुजींचा पहिलीतला आवाज आला: "पयले गाठ मार, मंग शेपूट सोड." लिहिता लिहिता माझे डोळे भरून आले.

बाहेर आलो. गुरुजी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "कोनाले देल्लं ते सांगू नोको. एक कसा काढला ते सांग."

मी शाई लावलेल्या बोटानं त्यांच्या तळहातावर काढून दाखवला. त्यांनी निरखून पाहिलं.

"शेपूट अजून आखूडच काढतं, इसऱ्या," ते म्हणाले. मूठ मिटली. "पन चालते. म्हणजे माह्या हातचं आत गेलं."

मी गाडी सुरू केली. "बसा, गुरुजी."

ते भांडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले.