ओजस सारसाची उभी मैफल

एका जंगलात, मुलांनो, ट्रंपेट वाजलं की उभं राहायची पद्धत होती. हसू नका. शाळेची घंटा वाजली की तुम्हीही उठताच की.

त्या जंगलाचा राजा वाघ. महाराजांची स्वारी निघाली की पुढे ट्रंपेट वाजायचं. ते कानावर आलं की ससा असो, नीलगाय असो, असेल तिथे उठायचं, रस्त्याकडे तोंड करायचं आणि ट्रंपेट थांबेपर्यंत हलायचं नाही. एकदोघं बसून राहिले होते. ते पुढे कुणाला दिसले नाहीत. त्यामुळे पद्धत चांगली रुजली.

त्याच जंगलात ओजस नावाचा एक तरुण सारस राहायचा. लांब मान, लांब श्वास. त्याला ट्रंपेट शास्त्रीय पद्धतीनं शिकायचं होतं. स्वारीपुढे वाजवायला नाही, नुसतं ऐकवायला.

"ऐकून लोकांनी करायचं काय?" आईनं विचारलं.

"काही नाही. ऐकायचं."

"मग बेडूक कोण पकडणार?"

याला ओजसकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे उत्तर नसतं ते गुरू शोधतात. त्याला धनेशगुरुजी सापडले. गुरुजींनी जन्मभर एकच रचना घोटली होती. तिचे तीन भाग. तिसऱ्या भागात एक सूर इतका लांब, की तो धरताना गुरुजींची एवढी मोठी चोच थरथरायची.

सगळं शिकवून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "ओजस, ही रचना मी खूप वाजवली. पण एकानंही बसून ऐकली नाही रे. सगळे उभे, रस्त्याकडे डोळे लावून. त्यांना सूर ऐकू येत नाही, स्वारी ऐकू येते. तुझ्या वेळी एक जण तरी बसू दे. मग मी सुखानं डोळे मिटेन."

ओजसनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. एक श्रोता बसवायचा, एवढंच त्यानं आयुष्यात ठरवलं.

पहिली मैफल मोहाच्या झाडाखाली झाली. सतरंज्या सांबरकाकांनी घातल्या. सांबरकाका शेजारीच राहायचे आणि कुणाचंही कार्य असलं की सतरंज्या तेच घालायचे. श्रोते आले, बसले, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी झाली. ओजसनं पहिला सूर लावला.

सगळे उभे राहिले.

ओजसनं तिन्ही भाग वाजवले. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. ट्रंपेट थांबल्यावर सगळ्यांनी माना उंचावून रस्ता पुन्हा एकदा पाहिला.

"आले नाहीत वाटतं," नीलगाय म्हणाली.

"वाटेत कुणी भेटलं असेल," ससा म्हणाला. मग सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला आणि घरी गेले.

सांबरकाका सतरंज्यांच्या घड्या घालत म्हणाले, "छान झालं हो. एकीलाही सुरकुती नाही."

ओजस त्या संध्याकाळी रडला. पण दुसऱ्या दिवशी जंगलाच्या वर्तमानपत्रात साळुंकीबाईंचं परीक्षण आलं. 'पहिल्याच सुराला श्रोत्यांनी उभं राहून दाद दिली,' असं त्यात होतं. 'ती दाद शेवटपर्यंत टिकली.' साळुंकीबाईंनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्या स्वतःही उभ्या होत्या.

झालं, ओजसचं नाव झालं. या टेकडीवर बोलावणं, त्या पाणवठ्यावर बोलावणं. जिथे जाईल तिथे पहिल्याच सुराला सगळे उभे. आईनं बेडकांचा विषय काढणं बंद केलं.

ओजसनं हात, म्हणजे पंख, जोडून पाहिलं. "कृपा करून बसा. आज महाराज येणार नाहीत."

सांस्कृतिक खात्याचा तरस धावत आला. "असं जाहीर बोलतात का? येणार नाहीत हे तू कोण ठरवणार?"

मग कोण बसणार? तुम्ही बसला असता? खरं सांगा. मी तर नसतो बसलो.

आणि एका मैफलीला महाराज आले.

ओजसचा पहिला भाग रंगात आला होता. श्रोते नेहमीसारखे उभे होते. महाराज रस्त्यानं आले, पहिल्या सतरंजीपाशी थांबले आणि बसले. त्यांनी कुणासाठी उभं राहायचं? पुढचे पंजे दुमडून त्यांनी डोळे मिटले. शेपटी लयीत हलू लागली. दुसऱ्या, संथ भागात त्यांच्या मिशांवरून पाणी ओघळलं.

ओजसचं काळीज भरून आलं. इतक्या वर्षांत त्याचे सूर पहिल्यांदाच कुठेतरी पोचत होते.

दुसरा भाग संपला. ओजसनं श्वास घ्यायला चोच बाजूला केली. श्रोत्यांचे पाय नकळत मागे सरकले.

महाराजांनी डोळे उघडले. "फार सुंदर. जलद जागी जरा घाई झाली, पण संथ भाग असा मी ऐकला नव्हता. मध्यंतर आहे का?"

"नाही, महाराज."

"मग थांबू नकोस. तू थांबलास की हे सगळे पळतात. मग मला तुझं वादन सोडून धावावं लागतं. तू वाजवत राहिलास तर मी बसल्या जागी खातो आणि ऐकतोही." असं म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं. शेजारी सांबरकाका उभे होते.

सांबरकाकांनी रस्त्यावरची नजर काढून ओजसकडे वळवली. इतक्या मैफलींत पहिल्यांदाच.

"बाळा," ते हळूच म्हणाले, "आज दोनच भाग केलेस तरी चालेल हो."

ओजसनं काकांकडे पाहिलं. मग पुढ्यात बसलेल्या श्रोत्याकडे पाहिलं. त्या श्रोत्याचे डोळे अजून ओले होते. तिसरा भाग राहिला होता. लांब सूर त्याच भागात होता.

ओजसनं छाती भरून श्वास घेतला आणि ट्रंपेट चोचीला लावलं.

तिसरा भाग त्या दिवशी अप्रतिम झाला. लांब सूर तर इतका लांबला, की महाराजांचं सावकाश आटोपलं. 'श्रोते जागच्या जागी खिळून राहिले,' असं साळुंकीबाईंनी लिहिलं. ओजसला राजवादक नेमण्यात आलं. सतरंज्या आता तरस घालतो.

ओजस गुरुजींकडे गेला. गुरुजी ढोलीत पडून होते.

"बसलं का रे कुणी?"

"बसलं, गुरुजी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. रडलेसुद्धा."

गुरुजींनी पंख त्याच्या डोक्यावर ठेवला. कोण बसलं, ते त्यांनी विचारलं नाही. ओजसनंही सांगितलं नाही. त्यानंतर गुरुजींनी सुखानं डोळे मिटले.

तात्पर्य : खरा कलावंत श्रोते किती आहेत हे मोजत बसत नाही. मैफल संपल्यावर तर मुळीच नाही.